‘क्यूएलईडी’चे नेमके कशाचे पैसे?

55 इंची साधा 4के टीव्ही साधारण 30 हजारांच्या आसपास मिळतो. त्याच मापाचा ‘क्यूएलईडी’ पस्तीस-चाळीस हजारांपासून थेट लाखाच्या पुढे. नाव एक, मग भावात एवढी तफावत का?

यातला ‘क्यू’ म्हणजे क्वांटम डॉट, जेमतेम 2 ते 10 नॅनोमीटरचा अर्धवाहक कण. गंमत अशी, की द्रव्य तेच ठेवून कण लहान केला तर उजेड हिरवा, मोठा केला तर लाल. टीव्हीत अशा कणांची पातळ फिल्म बसवतात आणि मागून निळा एलईडी प्रकाश सोडतात. एका रंगाचे सगळे कण एका मापाचे बनवणं हेच खरं कसब. ती रीत 1993मध्ये एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने बसवली. 2023च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव यांच्यासोबत तेही होते. ओल आणि ऑक्सिजन या कणांना सोसत नाहीत, म्हणून फिल्मला हवाबंद आवरण लागतं.

पण लाखाच्या टीव्हीत जादा पैसे मुख्यतः या फिल्मचे नसतात, मागच्या दिव्यांचे असतात. स्वस्त सेटमध्ये सगळे दिवे एकदम पेटतात, त्यामुळे रात्रीच्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसतो. महाग सेटमध्ये ते गटागटाने मंद होतात; हेच लोकल डिमिंग, आणि प्रत्येक गट म्हणजे एक झोन. म्हणून विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: लोकल डिमिंगचे झोन किती, आणि उजेड किती निट्स? मग डेमोचा भडक व्हिडिओ बंद करायला लावून एखादं अंधारं दृश्य पाहा. बातम्या आणि मालिकाच बघायच्या असतील तर माझ्या मते साधा 4के पुरे. उन्हाच्या हॉलमध्ये क्रिकेट बघणाऱ्यांनी मात्र निट्ससाठी खिसा सैल करावा.

22 सप्टेंबर 2025पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28वरून 18 टक्के झाला. त्यामुळे ‘जीएसटी सूट’ ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांत प्रोसेसिंग फी निघते, शिवाय रोखीची सवलत हुकते का तेही विचारा. वीज फारशी नाही: 120 वॉटचा सेट रोज पाच तास चालवला तर महिन्याला 18 युनिट.

वॉरंटीत पॅनेलची वर्षं वेगळी लिहून घ्या. ते गेलं तर दुरुस्ती नव्या टीव्हीच्या किमतीशी स्पर्धा करते.