मंद आचेचे गणित

'कॅसरोल' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? गरम पोळ्या ठेवायचा, दुहेरी भिंतींचा डबा. इंग्लंडमध्ये मात्र कॅसरोल म्हणजे झाकणाचे जाड भांडे आणि त्यात मंद आचेवर शिजवलेला पदार्थही. थंडीच्या दिवसांत तेथे गोमांसाचे कॅसरोल करतात. सकाळी मांस, कांदे, गाजरे व बटाटे 'स्लो कुकर' नावाच्या विजेच्या भांड्यात घालायचे, कळ फिरवायची आणि कामावर निघून जायचे. संध्याकाळी कुडकुडत घरी यावे, तो दाट रश्श्यातले लोण्यासारखे मऊ मांस तयार!

प्रेशर कुकरमध्ये जे काम अर्ध्या-पाऊण तासात होते, त्याला येथे आठ तास का लागतात? आणि आच कमी करून वेळ वाढवला की सगळेच शिजते का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न कळल्यामुळे माणसे आजारी पडली आहेत. म्हणून ते नीट समजून घेऊ.

भांड्याची गोष्ट

हे भांडे अमेरिकेतील शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन या संशोधकाने बनवले. त्याचे पेटंट त्याला १९४० मध्ये मिळाले. पूर्वी लिथुएनियातील ज्यू कुटुंबे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस व कडधान्याचे भांडे भटारखान्याच्या भट्टीत ठेवत. निवत जाणाऱ्या भट्टीत ते रात्रभर शिजे. ही हकीकत नॅक्सनने आईकडून ऐकली होती. पुढे एका कंपनीने ही कल्पना विकत घेतली आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने हे भांडे बाजारात आणले.

आत चिनी मातीचे जाड भांडे, त्याच्या भोवती विजेची तार आणि वर काचेचे झाकण, एवढीच त्याची रचना. वाफ झाकणाला लागून थंड होते व थेंबांच्या रूपाने परत खाली पडते. त्यामुळे पाणी फारसे आटत नाही व ते कमीच घालावे लागते.

आता थोडे गणित करू. भांड्यात २ किलो जिन्नस आहेत आणि तार २०० वॅटची आहे. जिन्नस बहुतांशी पाणीच आहेत असे धरले, तर २० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसपर्यंत जाण्यास २ × ४.२ × ६० = ५०४ किलोज्यूल उष्णता लागेल. दर सेकंदाला २०० ज्यूल मिळतात, म्हणजे २,५२० सेकंद किंवा ४२ मिनिटे. प्रत्यक्षात जाड भांडेही तापावे लागते आणि बरीच उष्णता बाहेर जाते. म्हणून दोन-तीन तास सहज लागतात. हे दोन-तीन तास लक्षात ठेवा.

मांस मऊ कसे होते?

या पदार्थासाठी जनावराच्या खांद्याचे किंवा पायाचे मांस घेतात. दिवसभर उभे राहणारे, चालणारे हे स्नायू. त्यांच्या तंतूंना बांधून ठेवणारे चिवट आवरण कोलॅजेन या प्रथिनाचे असते. त्याचा रेणू तीन पेडांच्या दोरीसारखा असतो. ६० अंशांच्या पुढे ही दोरी प्रथम आखडते आणि मांसातले पाणी पिळून निघते. म्हणून अर्धवट शिजलेले असे मांस चामड्यासारखे लागते. पण ७० ते ९० अंशांत ते तासन् तास राहिले, तर दोरीचे पेड सुटतात आणि कोलॅजेनचे जिलेटिन होते. औषधाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा याच जिलेटिनचे असते. ते पाण्यात विरघळते, रस्सा दाट होतो आणि तंतू सुटे होतात. आपल्याकडे बकऱ्याच्या पायांचे सूप थंड झाले की थलथलीत होते, ते याच कारणाने.

उष्णतामान दर १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. प्रेशर कुकरमध्ये सुमारे १२० अंश असतात. तेथून ८० वर आलो, म्हणजे दहा-दहा अंशांच्या चार पायऱ्या उतरलो. वेग २ × २ × २ × २ = १६ पट कमी झाला. मग अर्ध्या तासाचे काम किती वेळात होईल? आठ तासांत! येथे वेळेने आचेची भरपाई केली.

जे वेळेने साधत नाही

पण ही भरपाई सर्वत्र चालत नाही.

पहिली गोष्ट खमंगपणाची. मांसाचा तांबूस रंग व खरपूस वास येण्यास पृष्ठभाग सुमारे १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. पाण्यात ते अशक्य आहे. म्हणून मांसाचे तुकडे आधी तव्यावर परततात.

दुसरी गोष्ट भाज्यांची. वनस्पतींच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. पेक्टिन नीट सैल होण्यास ८५ अंशांच्या आसपास उष्णतामान लागते. म्हणून गाजर-बटाटे तळाशी व कडेला, तारेजवळ ठेवतात आणि मांस वर!

तिसरी गोष्ट सूक्ष्मजंतूंची. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते वाढतात. अनुकूल स्थितीत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट म्हणजे एकाचे ५१२! म्हणून बर्फासारखे गोठलेले मांस या भांड्यात कधीच घालत नाहीत. ते आधी फ्रिजमध्ये ठेवून मोकळे करतात. झाकणही वरचेवर उघडत नाहीत. घरी कोणी नसताना मध्येच वीज गेली असेल, तर पदार्थ शिजलेला दिसला तरी टाकून द्यावा. काही जंतूंनी तयार केलेले विष पुन्हा उकळूनही जात नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, राजम्याची. अशा मांसात राजमा घालण्याची पद्धतही पाश्चात्त्य देशांत आहे. कच्च्या तांबड्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेही मळमळ, उलट्या व जुलाब होण्यास पुरे होतात. ब्रिटनमध्ये १९७६ पासून अशा विषबाधांची नोंद होऊ लागली. १०० अंशांवर उकळले की हे विष नष्ट होते. पण ८० अंशांवर दाणा मऊ होतो आणि विष तसेच राहते. इतकेच नव्हे, तर अशा अर्धवट तापवण्याने ते कित्येक पट वाढल्याचेही आढळले आहे. म्हणजे येथे आठ तास काय किंवा दहा तास काय, वेळ उपयोगी पडत नाही. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळा उकळावा आणि मगच मंद भांड्यात घालावा. आपल्या घरी तो प्रेशर कुकरमध्ये चांगला शिजवतात, म्हणून भीती नसते. परदेशातील एखाद्या नातेवाइकाकडे स्लो कुकर असेल, तर त्यांना हे जरूर कळवा.

करून पाहा

साहित्य : पोळ्यांचा कॅसरोल, बटाटा, प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतचा तापमापक. गरम पाणी हाताळताना मोठ्या माणसाला जवळ ठेवा.

बटाट्याचे २ सें.मी.चे आठ सारखे तुकडे करा. चार तुकडे गॅसवर उकळत्या पाण्यात २० मिनिटे ठेवा. उरलेले चार कॅसरोलमध्ये ७० अंशांच्या पाण्यात घालून झाकण लावा. २० मिनिटांनी दोन्हींत काटा टोचून पाहा व कॅसरोलमधील उष्णतामान नोंदवा. कॅसरोलमधले तुकडे आणखी एक तास तसेच ठेवून पुन्हा टोचा. वेळेने भरपाई झाली का?

विचार करा

१. महाबळेश्वरला पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. तेथे उघड्या पातेल्यात मटण शिजण्यास वेळ जास्त लागेल की कमी?

२. २०० वॅटचे भांडे सतत आठ तास चालले, तर विजेचे किती युनिट खर्च होतील?