स्टुटगार्ट की त्स्विकाऊ?

प्रश्न : चाकणच्या वाहन कारखान्यात इंजिनिअर आहे. जर्मनीत दोन वर्षांसाठी स्टुटगार्ट किंवा त्स्विकाऊ निवडायचं आहे. स्टुटगार्टला पगार जास्त. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी सोबत येतील. काय करू? – एक वाचक, मोशी

उत्तर : पगाराआधी घरभाडं बघा. दूध, पीठ, बटाटे आल्डी-लिडलसारख्या सुपरमार्केटमध्ये दोन्हीकडे जवळपास सारख्याच भावाने मिळतात. खरी तफावत भाड्यात आहे. स्टुटगार्ट देशातल्या महागड्या शहरांपैकी एक, तर पूर्वेकडच्या सॅक्सनीतलं त्स्विकाऊ बरंच स्वस्त. जाहिरातीतला आकडा बहुधा नुसत्या जागेचा असतो; हीटिंग, पाणी, कचरा यांचे पैसे वेगळे आणि वीजबिल त्याहून वेगळं. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. आणि हे नक्की विचारा : स्वयंपाकघर आहे का? तिथे अनेक घरं ओटा, सिंक, शेगडी यांशिवायच भाड्याने देतात. तो खर्च पहिल्याच महिन्यात अंगावर येतो.

पाळणाघरात जागा मिळणं पूर्वेकडे तुलनेने सोपं. पत्नीला नोकरी करायची असेल, तर मात्र मी स्टुटगार्टच सांगेन. इंग्रजीवर चालणारं काम तिथे जास्त. नाहीतर त्स्विकाऊ. सुरुवातीच्या तीन महिन्यांचं सामानासह घर कंपनीकडून करारातच लिहून घ्या.