वितळणारी फॅशन

कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं युनिफॉर्म घातला, त्यामुळे कॉलेजात ड्रेसची भारी हौस! वाशिमला चकचकीत कुर्ता घेताना आई म्हणाली, "अगं, कापड बघ आधी." मी कुठली ऐकतेय! पुढे वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची ठिणगी बाहीवर पडली आणि कापड वितळून मनगटाला चिकटलं. लेबल तेव्हा वाचलं: १०० टक्के पॉलिस्टर.

पॉलिस्टर म्हणजे प्लॅस्टिकच, सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतं. कापूस जळतो, पण वितळत नाही. शिवाय ६५ टक्के आर्द्रतेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४. मग आपल्या मे महिन्यात काय होणार!

लेबल नसेल तर शिवणीतला धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ राहते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

घरी बाबा कापूस पिकवतात, आणि मला हे चटका बसल्यावर कळलं! यंदा दोनच सुती कुर्ते घेतले. इस्त्रीचा कंटाळा मात्र येतोच.