मुखत्यारपत्र : अधिकार किती आणि केव्हापर्यंत?

झाशी जिल्ह्याच्या गरौठा तहसिलीतील गुरसराय ही पेशव्यांच्या एका अधिकाऱ्याच्या दक्षिणी ब्राह्मण घराण्याची जहागीर होती. दूरच्या मुलखात धन्याच्या नावे कारभार पाहण्याची रीत या भागास नवी नाही. सनदेची जागा आता मुखत्यारपत्राने घेतली आहे, एवढेच.

समजा, गरौठ्यातील एका मराठी कुटुंबाची मुले पुण्यात स्थायिक झाली. वृद्ध वडीलही त्यांच्याकडे गेले. जमीन वडिलांच्या नावे असून त्यांनी विश्वासू कारभाऱ्यास मुखत्यारपत्र दिले : शेतीची देखभाल, खंडाची वसुली, महसुलाचा भरणा व बँक खात्याचा व्यवहार. पुढे कारभारी विहिरीसाठी जमीन तारण ठेवून कर्ज मागू लागला. त्याचा हेतू प्रामाणिक असला तरी शाखेने नकार देणे योग्यच होय. मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे लावावा, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने 1893 मध्येच सांगितले आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 188 नुसार सोपवलेल्या कामासाठी आवश्यक ती कायदेशीर कृती करता येते. परंतु खंड वसूल करण्यासाठी जमीन गहाण टाकावी लागत नाही. पावसात घराचे छत कोसळू लागल्यास गोष्ट वेगळी. कलम 189 आणीबाणीत सुज्ञ माणूस स्वतःचे नुकसान टाळण्यासाठी करील ते करण्याची मुभा देते.

मुखत्यारपत्राच्या आधारे जमीन ‘विकत’ घेणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा सूरज लॅम्प प्रकरणातील 2011 चा निर्णय अवश्य ध्यानात घ्यावा. अशा कागदाने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो मालकाच्या मृत्यूनंतर. ‘मुखत्यारपत्र रद्द तर केलेले नाही,’ असे भाबडेपणाने सांगितले जाते. कलम 201 प्रमाणे मृत्यूने किंवा मालकास वेड लागल्यास अधिकार आपोआप संपतो. मात्र कलम 208 नुसार ही समाप्ती त्रयस्थास लागू होते ती त्याला कळल्यावर. म्हणजे पुण्यात वडील निवर्तले आणि गरौठ्याच्या शाखेस कोणी कळवलेच नाही, तर मधल्या काळात वटलेल्या धनादेशाबद्दल बँकेस दोष देणे वारसांना कठीण जाईल. दुःखाच्या दिवसांत बँक आठवत नाही, हे स्वाभाविक आहे. तरीही मृत्यूच्या दाखल्यासह एक लेखी अर्ज शाखेत त्वरित द्यावा व त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.