घाट उतरताना पायाला फोड

प्रश्न : मी सांगलीची, वय ४२. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी धावायला लागले. सपाटीवर त्रास नव्हता. यवतेश्वर घाटात सराव केला आणि टाचेला, बोटांना फोड आले. काय करू?

उत्तर : चढावर टाच बुटात वर-खाली सरकते, उतारावर बोटे पुढे आदळतात. या घर्षणाने कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरते. ओली कातडी लवकर सोलवटते. पावसाळी सरावात हे जास्त होते. म्हणून सुती मोजे टाळा, घाम बाहेर टाकणारे सिंथेटिक मोजे घाला. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सर्वांत वरच्या भोकातून नाडी ओवून घट्ट बांधा, म्हणजे टाच हलणार नाही. नेहमी दुखणाऱ्या जागी आधीच चिकटपट्टी किंवा व्हॅसलीन लावा. नखे कापलेली ठेवा. घाटाचे अंतर हळूहळू वाढवा. चुरचुर जाणवताच थांबा आणि पट्टी लावा.

आलेला छोटा फोड फोडू नका, वरची कातडी सोलू नका. लाली पसरली, पू झाला किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट किंवा मोजे मुळीच घालू नका.