गोठलेल्या सरोवरावरील रात्र

आमच्या प्रांतांत पाणी गोठतें तें कारखान्यांत. त्यामुळें उत्तरेकडील देशांचा भूगोल शिकतांना ‘तेथील सरोवरें हिंवाळ्यांत गोठतात’ हें वाक्य आपण पाठ म्हणतों आणि पुढें जातों. त्या गोठलेल्या सरोवराखालीं मासे जिवंत कसे राहतात, तेथल्या काळोखांत त्यांस भक्ष्य कसें दिसतें, आणि ऐन मध्यरात्रीं त्यांस धरावयास माणसें ऊबदार घर सोडून कां जातात, हे प्रश्न वर्गांत सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक त्यांच्या उत्तरांत पदार्थविज्ञान आहे, प्राणिशास्त्र आहे, आणि माणसाचें शहाणपण व अविचार हीं दोन्हीं आहेत. म्हणून यंदाच्या अंकांत आम्ही हा विषय घेतला आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅनडाच्या सीमेस लागून, मिनेसोटा नांवाचें संस्थान आहे. ‘दहा हजार सरोवरांची भूमि’ असें त्यास म्हणतात. अशा लौकिकांत बहुधा अतिशयोक्ति असते. येथें ती नाहीं, कारण १० एकरांहून मोठीं सरोवरेंच तेथें ११,००० हून अधिक आहेत. त्यांपैकीं मिल लॅक्स हें सरोवर सुमारें २०० चौरस मैल पसरलेलें आहे, पण कोठेंहि ४५ फुटांहून खोल नाहीं. हिंवाळ्यांत त्याच्या पृष्ठभागावर लांकडाचीं व पत्र्याचीं खोपटें उभीं राहतात, बर्फावरून वाटा पडतात, मोटारी धांवतात, आणि जेथें उन्हाळ्यांत नावा फिरत होत्या तेथें जणूं एक गांवच वसतें. हीं सर्व धडपड मुख्यतः एका माशासाठीं असते. त्याचें नांव वॉलआय. अंग सोनेरी-हिरवट, दांत अणकुचीदार, शेपटीच्या खालच्या टोंकास पांढरा ठिपका, आणि डोळे मोठे व मोतीबिंदु झाल्यासारखे पांढुरके. या डोळ्यांवरूनच त्यास हें नांव पडलें. १९६५ सालीं मिनेसोटानें त्यास आपला संस्थानी मासा म्हणून मान दिला.

प्रथम पाण्याविषयीं सांगूं. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकसतात व घट्ट होतात. पाणीहि सुमारें ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत तसेंच वागतें. तेथून खालीं मात्र तें उलट प्रसरण पावूं लागतें, आणि त्याचें बर्फ झालें म्हणजे आकारमान जवळजवळ शेंकडा ९ नें वाढतें. हा नियम आपल्या पुस्तकांत दोन ओळींत येतो आणि परीक्षेंत दोन गुणांस विचारला जातो; पण त्या दोन ओळींवर सबंध सरोवराचे प्राण अवलंबून आहेत. हिंवाळा लागला कीं पृष्ठभागाचें पाणी थंड होऊन खालीं बसतें व खालचें वर येतें. सर्व पाणी ४ अंशांवर आलें कीं ही घालमेल थांबते. त्याहून गार झालेलें पाणी हलकें असल्यामुळें वरच राहतें, तेंच गोठतें, आणि तें बर्फ तरंगत राहतें. पुढें हवा शून्याखालीं ३० अंशांवर गेली तरी खालच्या पाण्यावर बर्फाची व त्यावरील हिमाची गोधडी पडलेली असते. बर्फ पाण्याहून जड असतें तर सरोवर तळापासून गोठत वर आलें असतें, आणि मासे धरण्याची गोष्टच उरली नसती.

आतां दुसरा प्रश्न, रात्रीचा. वाटेवर उभ्या असलेल्या गाईच्या किंवा चुलीपाशीं बसलेल्या मांजराच्या डोळ्यांवर कंदिलाचा उजेड पडला म्हणजे ते लखलखतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. लहानपणीं आम्हांस त्याची भीति वाटे. भिण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं. या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागें आरशासारखा एक थर असतो. आंत आलेला प्रकाश दृष्टिपटलांतून एकदां जातो आणि थरावरून उलटून पुन्हां एकदां जातो, म्हणून अल्प उजेडाचाहि त्यांस दुहेरी उपयोग होतो. माणसाच्या डोळ्यांत हा थर नाहीं. वॉलआयच्या डोळ्यांत आहे.

याचा परिणाम त्याच्या सावजाला भोगावा लागतो. पिवळा पर्च म्हणून जो लहान मासा वॉलआय आवडीनें खातो, त्याच्याजवळ असा आरसा नाहीं. दिवसां दोघेहि पाहूं शकतात. पण सूर्य मावळूं लागला कीं पर्चची दृष्टि मंद होते आणि वॉलआयची उपयोगी पडूं लागते. म्हणूनच संधिप्रकाश ही त्याची मुख्य शिकारीची वेळ, आणि स्वच्छ पाण्याच्या सरोवरांत ती रात्रींपर्यंत लांबते. पाणी काळपट असेल तेथें तो दिवसांहि शिकार करतो, कारण तेथें दिवसच संध्याकाळीसारखा असतो. वरच्या बर्फावर हिम साचलें म्हणजे तर खालीं उजेड आणखीच थोडा पोंचतो. तेव्हां जो कोळी मध्यरात्रीं गळ टाकून बसतो तो हट्टी नसून माशाच्या घड्याळाप्रमाणें चालणारा आहे, असें म्हणावें लागतें.

त्याची रीत अशी. सुतार लांकडाला गिरमिटानें भोंक पाडतो, तसेंच पण पुष्कळ मोठें गिरमिट फिरवून बर्फास आठ-दहा इंच रुंदीचें भोंक पाडावयाचें. वर लगेच पापुद्रा धरतो, तो झाऱ्यानें काढीत राहावयाचें. हा झारा आपल्या स्वयंपाकघरांतल्या झाऱ्याचाच भाऊ होय. गळास जिवंत लहान मासा लावून तो तळापासून थोडा वर लोंबत ठेवतात. तेथील कायद्यानें बर्फावर एका माणसास दोनच दोऱ्या टाकतां येतात. दिवा मंद ठेवतात. कांहीं जण उजेड दाखविला असतां कांहीं वेळ स्वतः प्रकाशणारें आमिष वापरतात, तें काळोखांत हिरवट चमकतें. ज्यांचें खोपट मोठें असतें ते आंत फळ्यांचे बिछाने करून चक्क झोंपतात, आणि दोरीचा रीळ भिंतीस टांगून त्यांत खुळखुळा ठेवतात. मासा दोरी ओढूं लागला कीं खुळखुळा वाजतो व झोंपलेला माणूस धडपडत उठतो. मासे धरण्याच्या जगांतल्या सर्व युक्त्यांत ही आम्हांस सर्वांत माणसाळलेली वाटते.

थंडी वाढत जाते तसतसें बर्फ ताणलें जाऊन गर्जना केल्यासारखा आवाज करतें. नवखा माणूस त्या आवाजानें दचकतो. तितकेंच भय त्याला आपल्या शेगडीचें वाटत नाहीं, हें खरोखर नवल आहे. बंद खोपटांत शेगडी नीट पेटत नसेल आणि वारा येण्यास वाट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्यास तो झोंपेंतच घेऊन जातो.

मासा इतका चतुर असला तरी माणसाच्या हांवेपुढें त्याचें चालत नाहीं. मिनेसोटाच्या उत्तरेस ओजिब्वे लोकांच्या मुलुखांत रेड लेक नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचे वरचें व खालचें असे दोन भाग आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळीं तेथें व्यापारी मासेमारी सुरू झाली, आणि पुढें अनेक दशकें सर्वांनींच वाजवीपेक्षां अधिक वॉलआय काढले. एक चांगली वाढलेली मादी एका वसंतांत लाखाहून अधिक अंडीं घालते, त्यामुळें हा सांठा संपणार नाहीं असें वाटणें साहजिक होतें. तो संपला. १९९७ सालीं ओजिब्वे मच्छीमारांनीं स्वतः होऊन आपलीं जाळीं काढून घेतलीं. १९९९ सालीं त्यांची जमात व संस्थान यांच्यांत करार होऊन सबंध सरोवरावर वॉलआय धरण्याची बंदी आली. ज्यांचें पोट त्या माशावर होतें त्यांनींच आधीं हात आंवरला, याचें आम्हांस विशेष वाटतें. १९९९, २००१ आणि २००३ या सालीं कोट्यवधि पिलें सोडण्यांत आलीं, आणि २००६ सालीं गळ पुन्हां पाण्यांत पडले.

तेव्हांपासून वरच्या रेड लेकवर हिंवाळ्यांत मोठी गर्दी लोटते, आणि बर्फ पुरतें जाड होण्यापूर्वींच लोटते. २०२२ च्या नोव्हेंबरांत तेथील बर्फाचा एक मोठा तुकडा कांठापासून सुटला. मध्यें सुमारें ३० फूट मोकळें पाणी आणि पलीकडे सुमारें २०० माणसें. पुढच्याच वर्षीं डिसेंबरांत पुन्हां तसेंच घडलें व १२२ जणांस सोडवून आणावें लागलें. सरोवर एकदां गोठलें म्हणजे तें सर्वत्र सारखें गोठलें, असें पाहणाऱ्यास वाटतें. पण खालून झरा आला, वरून वारा सुटला, किंवा हिमाचा थर जाड बसला, तर शंभर पावलांवर निराळें बर्फ असूं शकतें. पायीं जाणाऱ्यास निदान ४ इंच, लहान मोटारीस ९ ते १० इंच जाडी असावी, असें तेथील अधिकारी सांगतात. हें माप नितळ, नव्या बर्फाचें. दुधाळ पांढरें बर्फ असेल तर दुप्पट धरावें लागतें.

म्हणून जाणते लोक एकदां मोजून थांबत नाहींत. ते गळ्यांत खिळे बसविलेल्या दोन मुठी अडकवितात, म्हणजे पाण्यांत पडल्यास त्या बर्फांत रोंवून वर येतां येतें. आणि हातांत पहार घेऊन चालतात. दर कांहीं पावलांनीं पुढें एक घाव घालतात. घाव नुसता खणकला तर पाऊल टाकतात. पहिल्याच घावास पहार आरपार गेली तर तेथेंच वळून, आलेल्या आपल्याच पावलांच्या ठशांवरून, कांठाकडे परततात.