ज्योत लांबते, मूस तापत नाही

प्रश्न : आमची पितळ ओतण्याची छोटी भट्टी आहे. एलपीजी बर्नरची ज्योत लांब, पिवळी येते. मे महिन्यात काजळीही धरते. आत तिरकी पाती बसवावीत का? – एक वाचक, लातूर

उत्तर : बसवा, पण कोन अंदाजाने नको. हवा पुरेशी घुमली की ज्योतीच्या मध्यभागी दाब उतरतो, तापलेले वायू मागे ओढले जातात आणि नव्या मिश्रणाला तेच पेटवत राहतात. ज्योत आखूड होते. त्यासाठी भोवऱ्याचा अंक, म्हणजे हवा किती घुमते त्याचं माप, साधारण ०.६ च्या वर लागतो. मधल्या नळीचा व्यास बाहेरच्या निम्मा असेल, तर ३० अंशांची सपाट पाती जेमतेम ०.४५ देतात, ४५ अंशांची ०.७८. साठाचा मोह टाळा. ब्लोअरचा दाब पात्यांतच खर्ची पडतो.

मे महिन्यातली काजळी मात्र वेगळी गोष्ट. लातूर सुमारे ६०० मीटर उंचीवर, वर ४२ अंशांचं ऊन. ब्लोअरच्या पाटीवरचा आकडा समुद्रसपाटीचा, २० अंशांचा असेल, तर हवा वजनाने १३ टक्के कमीच मिळते. गॅसची हिवाळ्यातली सेटिंग तशीच ठेवलीत तर काजळी धरणारच.

बर्नर मुशीवर रोखू नका, भिंतीलगत तिरका बसवा. पांढरा धूर दिसला की गॅस उतरवा. तो पितळेतल्या जस्ताचा; जस्त ९०७ अंशांना उकळतं.